आमच्या डॉक्टरांचं निलंबन

विधानसभेत प्रश्न विचारायची एक ठरावीक भाषा असते. 'अमुक घडले, हे खरे आहे काय?' असं आपण लिहून द्यायचं आणि खात्यानं त्याखाली उत्तर छापायचं: 'होय', 'हे खरे नाही', नाहीतर 'हे अंशतः खरे आहे'. आमदार व्हायच्या आधी मी बावीस वर्षं झेडपीच्या शाळेत शिकवलं. चूक की बरोबर ते सांगा, असले प्रश्न मी स्वतः फळ्यावर लिहायची. त्यामुळं पहिल्या अधिवेशनात मला या भाषेचं हसू आलं होतं. पण त्या बुधवारी सकाळी प्रश्नोत्तरांची छापील यादी हातात पडली, माझ्या प्रश्नाखालचं 'हे खरे नाही' वाचलं, आणि ते हसू कुठल्या कुठं गेलं.

प्रश्न आमच्या ग्रामीण रुग्णालयाचा होता. आमचा भाग सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडचा, कोरडा. तालुक्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. रुग्णालयाला ऑपरेशन थिएटर होतं, चांगलं टाइल्स लावलेलं, पण भूल देणारा डॉक्टर नव्हता. त्यामुळं सिझेरियन होत नव्हतं. अडलेली बाई आली की तिला मिरजेला पाठवायचे. त्या वर्षी एका वस्तीवरची, मेंढरं राखणाऱ्या घरातली सून अशीच वाटेत जीपमध्ये बाळंत झाली. बाळ गेलं. बाई कशीबशी वाचली.

हे मला आमच्या एका कार्यकर्त्याच्या पत्रातून कळलं होतं. 'डॉक्टरांनी रुग्णास दाखल करून न घेता हाकलून दिले,' असं त्यानं लिहिलं होतं. भूल देणाऱ्याचं पद रिक्त आहे काय, असं विचारून त्याखाली ते वाक्यही मी जसंच्या तसं प्रश्नात घातलं. वस्ती माझ्या घरापासून पंधरा-सोळा किलोमीटरवर. पण मी गेले नाही.

न जायला कारण होतं, आणि ते मला तेव्हा पुरेसं वाटत होतं. अधिवेशन चालू असलं की माझा आठवडा दोन ठिकाणी वाटला जातो. रविवारी दुपारी निघायचं, कऱ्हाड, सातारा करत मुंबई गाठायची. सोमवारपासून सभागृह, समित्यांच्या बैठका, आणि मधल्या वेळात मंत्रालयात या मजल्यावरून त्या मजल्यावर. शुक्रवारी कामकाज उरकलं की परत. शनिवारी सकाळी घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये माणसं बसलेली असतात. कुणाची डीपी जळालेली, कुणाच्या गावची एसटी बंद झालेली, कुणाच्या म्हातारीचं पेन्शन अडकलेलं. कालव्याचं पाणी शेवटच्या गावाला पोचत नाही, हे तर दर शनिवारी. अण्णा अर्जांचे दोन गठ्ठे करतात, एक तालुक्यात सुटणाऱ्या कामांचा, दुसरा मुंबईला न्यायचा. अण्णा म्हणजे माझे स्वीय सहायक, तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. वयानं माझ्यापेक्षा मोठे, पण गावासारखेच तेही मला आक्का म्हणतात.

तर त्या बुधवारी माझा प्रश्न यादीत सहावा होता. प्रश्नोत्तराच्या तासात सहाव्या प्रश्नापर्यंत पोचणं म्हणजे नशीब. मी मागच्या रांगेत बसून भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होते. तिसऱ्या प्रश्नावर गोंधळ झाला, चौथा रेंगाळला. पाचव्याचा सदस्यच गैरहजर निघाला. सात मिनिटं उरली असताना अध्यक्षांनी माझा क्रमांक पुकारला.

मंत्र्यांनी उत्तर वाचलं. "भूलतज्ज्ञाचं पद भरलेलं आहे. त्यामुळे पद रिक्त आहे, हे खरे नाही."

मी उपप्रश्नाला उभी राहिले. "अध्यक्ष महोदय, पद भरलेलं आहे, मान्य. पण त्या पदावरचा माणूस कुठं आहे? आमच्या तालुक्यात त्याला कुणी पाहिलेलं नाही."

अधिकाऱ्यांच्या गॅलरीतून एक चिठ्ठी खाली आली. मंत्र्यांनी ती वाचली. "सदर डॉक्टर प्रतिनियुक्तीवर अन्यत्र कार्यरत आहेत."

म्हणजे पगार आमच्या रुग्णालयाच्या नावावर आणि काम दुसरीकडं. सभागृहात हशा झाला. समोरच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "मग भूल काय कागद देतो का?" मंत्र्यांचा चेहरा उतरला. मीही त्यांच्याच बाजूच्या बाकांवरची आमदार. त्यामुळं त्यांना ते जास्त लागलं असावं.

मी तिथं थांबायला हवं होतं. ती प्रतिनियुक्ती कधी रद्द करता, एवढंच विचारायला हवं होतं. पण सगळं सभागृह माझ्याकडं बघत होतं. पहिल्यांदाच बघत होतं. माझा आवाज चढला. "एक लेकरू गेलं, अध्यक्ष महोदय! त्या बाईला दारातून हाकलून देणाऱ्यावर शासन काय कारवाई करणार?"

मंत्र्यांना वाट मिळाली. ते ताठ उभे राहिले. "सन्माननीय सदस्यांच्या भावना लक्षात घेऊन तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यास निलंबित करण्यात येत असल्याची मी या सभागृहात घोषणा करतो."

बाकं वाजली. दोन्ही बाजूंची वाजली. शेजारच्या आमदारांनी माझ्या पाठीवर थाप मारली. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. पाच-दहा सेकंद फार बरं वाटलं. मग रुग्णालय सांभाळणाऱ्या आमच्या डॉक्टरांचा चेहरा डोळ्यांपुढं आला. साताऱ्याचा माणूस, किडकिडीत, बोलायला तुटक. आमच्याकडं बदली झाली की डॉक्टर वर्षाच्या आत दुसरीकडं जायची खटपट करतात. हे पाच वर्षं राहिले होते.

मी पुन्हा उभी राहिले. "अध्यक्ष महोदय, एक मिनिट..." पण माझा माईक बंद झाला होता आणि अध्यक्षांनी पुढचा क्रमांक पुकारला होता. मी मोठ्यानं बोलू शकले असते. पाढे घोकवणाऱ्या बाईचा आवाज होता माझा, माईकची गरज नव्हती. मी खाली बसले.

दुपारपर्यंत ती क्लिप आमच्या तालुक्यातल्या प्रत्येक फोनवर पोचली. माझा फोन थांबेना. "आक्का, लय भारी! मंत्र्याला घाम फोडला!" लॉबीत एका जुन्या आमदारांनी चहा पाजला. संध्याकाळी आमदार निवासात फायली आवरताना अण्णांनी विचारलं, "आक्का, भूल देणाऱ्या डॉक्टरचं काय ठरलं?"

मी म्हटलं, "ते राहिलंच."

"आपला प्रश्न त्यो हुता," अण्णा म्हणाले आणि फायलीची नाडी बांधत राहिले.

गुरुवारी रुग्णालयातल्या मोठ्या सिस्टरांचा फोन आला. ऑर्डर निघाली नव्हती, पण डॉक्टरांना वरून तोंडी सांगितलं होतं, खुर्चीत बसू नका. ते साताऱ्याला घरी निघून गेले होते. मागं राहिली होती शिकून नुकतीच आलेली एक मुलगी, सरकारी बाँडची सक्तीची सेवा करणारी डॉक्टर, रुजू होऊन तीन आठवडे झालेली. सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, सकाळी छातीत दुखतंय म्हणून एक माणूस आला. ती पोरगी रडायला लागली. आमी त्याला गाडीत घालून पुढं पाठवलं. आता कोण आलं की पुढंच पाठवायचं, एवढंच चाललंय."

"तो माणूस कसा आहे?"

"म्हाईत न्हाई," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. माझा फोन कुणी असा ठेवून दिलेला मला आठवत नाही.

शुक्रवारी मी मंत्र्यांच्या दालनाबाहेर दीड तास बसले. आत गेल्यावर त्यांनी हसून खुर्ची दाखवली. निलंबन थांबवा म्हटल्यावर हसू गेलं.

"ताई, सभागृहात दिलेला शब्द मी दालनात कसा फिरवू? पेपरवाले मला सोडतील का? सोमवारी संध्याकाळी ऑर्डरवर सही होईल. आणि एक सांगा, कारवाई कुणी मागितली होती?"

मी पिशवी उचलून बाहेर आले.

शनिवारी सकाळी गावात शिरताना स्टँडसमोर माझाच फोटो दिसला. बॅनरवर 'आरोग्य खात्याला दणका' असं लिहिलेलं, आणि खाली पत्र लिहिणाऱ्या कार्यकर्त्याचं नाव. शेडमध्ये नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. तो कार्यकर्ता हार घेऊनच उभा होता. मी हार हातात घेतला आणि टेबलावर ठेवला. अर्ज घ्यायला सुरुवात केली, पण लक्ष लागत नव्हतं.

रांगेत एक म्हातारी होती. हातात अर्ज नव्हता. तिची पाळी आली तशी ती टेबलापुढच्या खुर्चीत न बसता उभीच राहिली.

"तू आमदार न्हवं?" तिनं विचारलं.

"व्हय."

"माझी सून जीपमधी बाळंत झाली, ती. तुझ्या नावानं सगळी म्हणत्यात, आक्कानं न्याव दिला. कसला न्याव दिलास गं बाई? त्या डाक्टरला का घालवलंस?"

मी म्हटलं, "मावशी, त्यांनी तुमच्या सुनेला हाकलून दिलं ना?"

"कोण म्हणलं?"

मी कार्यकर्त्याकडं बघितलं. तो जमिनीकडं बघत होता.

म्हातारीनं मग जे सांगितलं, ते तिच्याच घाईनं सांगितलं. सून रक्त जायला लागलं म्हणून दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले, हिचं पोट उघडायला लागणार आणि इथं भूल द्यायला कुणी नाही. सरकारी गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. भाचा जीप घेऊन आला होता, त्याच जीपमध्ये डॉक्टरांनी तिला घातलं आणि स्वतः मागं चढून बसले. अर्ध्या वाटेवर बाळ आलं, ते निपचितच आलं. आणि मग रक्त थांबेना.

"अशा मुठीनं," म्हातारीनं स्वतःची मूठ वळून दाखवली, "मिरज येईस्तवर दाबून धरलं हुतं त्यानं. कापडं समदी रक्तानं भिजली. म्या त्याच्या तोंडाकडं बघत हुते. त्यो एकसारखं म्हणत हुता, आजी, हिच्याशी बोलत ऱ्हावा, झोपू दिऊ नगा. नातू गेला माझा. पर सून हाय. घरात भाकरी करतीया. कुणामुळं करतीया?"

"मला आधी का नाही सांगितलं, मावशी?"

"तू इचारायला आली हुतीस का?"

ती निघून गेली. जाताना नमस्कारही केला नाही. मी कार्यकर्त्याला बाजूला घेतलं. त्यानं पत्र ऐकीव गोष्टीवरून लिहिलं होतं. भाच्याकडून एकानं ऐकलं, त्याच्याकडून यानं. मी म्हटलं, बॅनर आजच्या आज उतरव. तो म्हणाला, "आक्का, लोकांस्नी काय सांगू? दोन दिसांत उतरवला तर आपलीच इज्जत जाईल." मी म्हटलं, "गेलीय ती. उतरव." मला त्याचा जितका राग आला, तितका यायला नको होता. पत्र त्यानं लिहिलं होतं, पण ते न तपासता सभागृहात मी वाचलं होतं.

रविवारी मुंबईला जाताना साताऱ्यात डॉक्टरांच्या घरी गेले. पत्ता सिस्टरांनी दिला, तोही अण्णांनी दोनदा फोन केल्यावर. त्या दिवशीचा डॉक्टरांचा अहवालही त्यांनीच फोनवर वाचून दाखवला. दार डॉक्टरांच्या बायकोनं उघडलं. त्यांनी मला ओळखलं. या म्हणाल्या नाहीत, फक्त दारातून बाजूला झाल्या. बाहेरच्या खोलीत डॉक्टर उठून उभे राहिले. मी बसेपर्यंत तसेच उभे.

मी म्हटलं, "तुम्ही जीपमध्ये गेला होता, हे तुमच्या अहवालात का नाही?"

त्यांनी बायकोकडं बघितलं, मग माझ्याकडं. "कारण त्या दिवशी ड्युटीवर मी एकटा होतो. वरिष्ठांना न विचारता मुख्यालय सोडलं. वॉर्डात अकरा पेशंट होते. त्यातलं कुणी दगावलं असतं तर? मी 'रुग्णास पुढील उपचारासाठी पाठविले' एवढंच लिहिलं. ते खोटं नाही."

"खरंही नाही."

"अर्धं खरं आहे, मॅडम. तुमच्या प्रश्नासारखंच."

मी ते ऐकून घेतलं. मग म्हटलं, "उद्या मी सभागृहात उभी राहून सगळं सांगते. ऑर्डर थांबेल."

"थांबेल आणि दुसरी निघेल," ते म्हणाले. "रुग्णालय सोडून गेल्याबद्दल. त्याला तर मी कबुलीच दिल्यासारखं होईल. तुम्ही एकदा न्याय द्यायला गेलात त्यात हे झालं. आता मला वाचवायला जाऊ नका."

खाली रस्त्यावरून गाड्या जात होत्या. मी उठायच्या बेतात होते, तेवढ्यात त्यांच्या बायको पहिल्यांदा बोलल्या. "तुमचं बरोबर असेल," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "पण माझ्या आईनं फोन करून मला विचारलं, जावईबापूंनी खरंच बाळंतिणीला हाकललं का. मी काय सांगू? दुसरी ऑर्डर निघायची तर निघू दे. पण ती तुम्ही केलेल्या गोष्टीबद्दल निघू दे."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "सांगा मग," ते म्हणाले.

सोमवारी सकाळी मी औचित्याच्या मुद्द्याची, म्हणजे आयत्या वेळी सभागृहात विषय मांडायच्या परवानगीची, सूचना दिली. बातमी कशी फुटली कळलं नाही, पण दारातच आमच्या पक्षाच्या प्रतोदांनी मला गाठलं. "ताई, मंत्री आपलेच आहेत. तुम्ही आज उभ्या राहिलात तर विरोधक त्यांची आणि तुमची दोघांचीही खिल्ली उडवतील. पुढच्या वेळी तुमचा कालव्याचा प्रश्न कोण पुढं रेटणार?" त्यांनी धमकी दिली नव्हती. तशी गरज नव्हती. कालव्याची मंजुरी अजून व्हायची होती आणि तिच्यावर शेवटची नऊ गावं अवलंबून होती. आत जाईपर्यंत मी ठरवलं, बोलायचं. जागेवर बसल्यावर ठरवलं, नको. नाव पुकारलं तेव्हा काही न ठरवता उभी राहिले.

मी लिहून आणलेला कागद बाजूला ठेवला. "अध्यक्ष महोदय, बुधवारी मी या सभागृहाला चुकीची माहिती दिली. त्या डॉक्टरांनी त्या बाईला हाकललं नाही. ते तिच्याबरोबर गेले. तिचा जीव त्यांनी स्वतःच्या हातानं वाचवला. मी चौकशी न करता बोलले. निलंबनाची घोषणा माझ्या चुकीमुळं झाली, ती मागं घ्यावी. आणि भूलतज्ज्ञाची प्रतिनियुक्ती कधी रद्द करणार, हे त्या दिवशी विचारायचं राहिलं, ते आज विचारते."

एकही बाक वाजला नाही. समोरून कुणीतरी म्हणालं, "आधी फाशी, मग चौकशी!" हशा झाला. मंत्री उठले आणि माझ्याकडं न बघता बोलले, "सदस्यांनी आपलं नक्की काय म्हणणं आहे ते एकदा ठरवावं." पुन्हा हशा. अध्यक्षांनी तो थांबवला आणि शासनानं वस्तुस्थिती तपासून निवेदन करावं, तोवर कारवाई करू नये, असे निर्देश दिले. दोन मिनिटांत सगळं संपलं. मी खाली बसले तेव्हा लक्षात आलं, एवढा वेळ मी पुढच्या बाकाची कड धरून उभी होते.

चौकशी झाली. जिल्ह्यातले दोन अधिकारी आले, म्हातारीचा आणि सुनेचा जबाब घेतला. निलंबन झालं नाही. मुख्यालय सोडल्याबद्दल डॉक्टरांना लेखी ताकीद मिळाली, ती त्यांच्या सेवापुस्तकात कायम राहील. पाचव्या आठवड्यात ते परत रुजू झाले. मी भेटायला गेले तर म्हणाले, "फोटोवाला आणला नाहीत ना?" नव्हता आणला. त्यांनी मला ओपीडीत बसायला सांगितलं, आणि रांगेतला शेवटचा पेशंट होईपर्यंत मी बसले. मग त्यांनी लागणाऱ्या वस्तूंची यादी दिली. रक्त साठवायचा फ्रिज, जनरेटरची बॅटरी, असलं काय काय. एवढंच बोलणं झालं. आजही तेवढंच होतं. त्यांनी मला माफ केलं की नाही हे मी कधी विचारलं नाही.

वस्तीवर मी त्यानंतरच्या शनिवारी गेले. सून शेळीला पाला टाकत होती. वयानं अगदी लहान, मी शेवटी शिकवलेल्या वर्गातल्या मुली आता असतील, तेवढी वाटली. मला बघून तिनं पदर सावरला आणि पाणी आणलं. तब्येत कशी आहे विचारलं. बरी हाय म्हणाली. मग आपणहून म्हणाली, "डाक्टर परत आलं म्हणं?" मी हो म्हटलं. तिनं मान हलवली आणि पुन्हा पाला टाकायला लागली. म्हातारीनं मला बसायला घोंगडं अंथरलं.

आता कोणताही अर्ज मुंबईच्या गठ्ठ्यात जायच्या आधी अण्णा विचारतात, "आक्का, माणसाला बघितलंय का?" नसेल तर तो मागं राहतो. त्यामुळं माझे प्रश्न कमी झालेत. कार्यकर्ते म्हणतात, आक्का सभागृहात गप्प असतात. तो प्रचार पुढच्या निवडणुकीत माझ्या विरोधात होणार, हे मला दिसतं आहे. कालव्याची मंजुरी त्या वर्षी झाली नाही. ती माझ्या भाषणामुळं रखडली की नेहमीप्रमाणं रखडली, हे मला सांगता येणार नाही.

भूलतज्ज्ञाची प्रतिनियुक्ती मात्र रद्द झाली. ते रुजू झाले, लगेच रजेवर गेले, परत आले. मग अशी तडजोड निघाली की ते सोमवारी आणि गुरुवारी आमच्याकडं येतील. ते त्या दोन दिवशी खरंच येतात, मी जाऊन बघते. थिएटरमध्ये आतापर्यंत बऱ्याच बाया सुखरूप सुटल्या. बाई मंगळवारी अडली तर अजूनही मिरजेलाच न्यावी लागते.